मचव्याचा सांधा

कमळाकर फिटर होता, आणि हे कुणी विसरू नये म्हणून पान्हा खिशातून डोकावेल असाच ठेवायचा. मूळचा जासईचा गडी. बाप खाडीत मिठाचा मचवा चालवायचा, पोरगा मात्र पनवेलच्या एका मिस्त्रीच्या हाताखाली नळाचं काम शिकला. धाकटी बहीण हौसा विचुंबे गावात दिलेली. गावाने विहिरीवर इंजिन बसवून टाकी बांधली, तेव्हा हौसाने सासूला गळ घातली, नळ माझा दादाच बसवील. सासू गंगाबाईच्या शब्दाला गावात वजन, तिने पंचांना पटवलं. पहिला हंडा हौसाने भरायचा, असंही ठरलं. सासरी आल्यापासून त्या पोरीला एवढा मान कुणी दिला नव्हता.

काम एकाच जागी अडलं. टाकीचा पाइप मनगटाएवढा जाड आणि नळाचा अंगठ्याएवढा. दोन्ही जोडायला एका तोंडाने रुंद, दुसऱ्याने अरुंद असा लोखंडी तुकडा लागतो, रेड्युसर म्हणतात त्याला. तो पनवेलात मिळेना. मिस्त्री म्हणाला, मुंबईहून मागवतो, आठवडाभर थांब. पण इकडे मुहूर्त ठरलेला, नारळ आणलेले, हौसाने ठेवणीतलं लुगडं काढलेलं. आता सामान नाही म्हणून थांबा, हे सांगायला फिटरसाहेबांची जीभ रेटेल तर ना!

मग त्याने शेण खाल्लं. बारीक पाइप जाड पाइपात खुपसला, आणि बापाबरोबर मचव्याच्या फटी बुजवायचा तसा भोवती कापूस ठासून वरून राळ फासली. हौसा भाकरी घेऊन आली होती. हे टिकेल ना, असं तिने हळूच विचारलं. तुला काय कळतंय, गुमान जा, म्हणून त्याने तिला वाटेला लावलं. टाकीच्या तळचं थोडं पाणी सोडून पाहिलं तर थेंब गळला नाही. स्वारी खूश. अरे बाबा, मचव्याला पाणी बाहेरून दाबतं, म्हणून कापूस आत घट्ट बसतो. इथे भरलेली टाकी आतून ढकलणार होती. एवढं कळायला काय पंडित व्हावं लागतं? पण माणूस एकदा मिरवायला लागला की त्याचं डोकं चालत नाही.

मुहूर्ताच्या दिवशी नळाला हळदकुंकू वाहिलं, हौसाने हंडा लावला, कमळाकरने चावी फिरवली. धार आली, बायका हरखल्या, आणि तेवढ्यात सांधा सुटला. राळ, कापूस आणि चिखल सगळं हौसाच्या अंगावर. बघता बघता टाकी रिकामी झाली. हे असं कसं झालं, पंचांनी विचारलं. कमळाकर सुटलेला पाइप परत जागी खुपसू लागला.

हौसा पदर पिळत म्हणाली, "दादा बोलला व्हता, सामान येऊ दे. मीच ऐकलं नाय. आजच पानी पायजे म्हणून त्याच्या मागं लागले."

सगळ्यांदेखत गंगाबाईने तिला फाडून खाल्लं. नाकापेक्षा मोती जड झालाय म्हणाली. आणि कमळाकर? पान्हा पुसत बसला. बहिणीकडे बघायची त्याला लाज वाटत होती.

पुढच्या आठवड्यात रेड्युसर आला. त्याने आटे साफ केले, सुतळी गुंडाळली, सफेदा लावून सांधा आवळला. टाकी काठोकाठ भरली तरी टिपूस नाही. गंगाबाईने पहिला हंडा शेजारच्या चंद्रावतीला भरायला लावला. हौसा रांगेच्या शेवटी, रिकामा हंडा कमरेवर घेऊन. ते बघून कमळाकर उठला. त्याने पान्हा खाली ठेवला.

"मावशी, हौसाचा दोष नाय. सामान नव्हतं ते मीच लपवलं. ती इचारत व्हती टिकंल का, मीच तिला हाकललं."

 गंगाबाईचे डोळे भरून आले.

"बघा गो, भाऊ असावा तर असा. बहिणीसाठी आळ सोताच्या डोक्यावर घेतो."

बायकांनी माना डोलावल्या. त्याने देवाची शपथ घेतली, तर त्यांना त्याचं आणखीच कौतुक वाटलं. त्याने आशेने हौसाकडे पाहिलं. तिने मान हलवून नको म्हटलं आणि नजर खाली वळवली.

गंगाबाईने नव्या नळाचं पाणी तांब्यात भरून त्याच्या हातात दिलं. सगळा गाव बघत होता. रांगेच्या शेवटी हौसा उभी होती, आणि त्याला ते पाणी प्यावं लागलं.