पूंगोडीचा डावा डोळा

“माझ्या पोरीचे डोळे अधू? टीचर, आधी तिच्या हातचा गजरा बघा आणि मग बोला!” सेल्लत्तायी वर्गाच्या दारातूनच कडाडली. निरोप मिळाला तशी ती मोगरा गुंफता गुंफता उठून आली होती.

एस्तर टीचर हसल्या. “गजरा सुरेखच करते, अक्का. पण तो बोटांनी होतो. तुम्ही तरी गुंफताना फुलांकडे कुठे बघता? बघता येणाऱ्याजाणाऱ्याकडे.”

“मग? कोणाकडे काय चाललंय ते कळायला नको?”

खिडकीशी पोरी खुसखुसल्या. त्यात सात वर्षांची पूंगोडीही होती. सेल्लत्तायीच्या धाकट्या भावाची ही लेक. आई बाळंतपणात गेली, बाप तिरुप्पूरला बनियनच्या कारखान्यात. पोर आत्याच्याच मांडीवर वाढली.

निलक्कोट्टैच्या बाजूला तेव्हा घरोघरी मोगरा गुंफत. मुलं बोलायला लागायच्या आत गाठ मारायला शिकत. त्यामुळे पूंगोडीला कमी दिसतं हे घरात कधी कोणाच्या लक्षात आलंच नव्हतं. त्या वर्षी मात्र शाळेत शिक्षकांनीच मुलांचे डोळे तपासायचं ठरलं. भिंतीवर फणीसारख्या खुणांचा तक्ता लागला. फणीचे दात जिकडे, तिकडे मुलांनी हात करायचा. उजवा डोळा झाकल्यावर पूंगोडी हात खाली सोडून नुसती उभी राहिली होती.

“मदुरैला डोळ्यांच्या इस्पितळात न्या तिला.”

“चष्मा लावतील. मग तिला करून कोण घेणार? तुम्ही द्याल तुमचा मुलगा?”

“दिला असता हो. चष्मेवालाच आहे. पण त्याला आता दोन मुलं आहेत.”

सेल्लत्तायीला हसू आलं, पण तिने ते गिळलं. “एवढं काय त्यात, टीचर? सगळ्यांचं तसंच असतं. एक डोळा कामाचा, दुसरा त्याच्या जोडीला.”

एस्तर टीचरांच्या हातातली फूटपट्टी थांबली. “काय म्हणालात, अक्का? या बरं, इथे उभ्या राहा.”

डावा डोळा झाकून सेल्लत्तायीने झटझट हात केले. मग उजवा झाकला. तक्ता, भिंत, टीचर, सगळं पांढुरक्या धुक्यात विरून गेलं.

“बघा, गेलं सगळं. तुमचंही असंच ना?”

“नाही, अक्का,” टीचर हळूच म्हणाल्या. “मला दोन्हींनी दिसतं. बहुतेकांना दिसतं.”

सेल्लत्तायी हात तसाच डोळ्यावर ठेवून उभी राहिली. सुईत दोरा ओवताना हुकायचा. कॉफी ओतताना पेल्याबाहेर सांडायची. सासू जन्मभर धांदरट म्हणाली, आणि तिनेही ते खरं मानलं.

“लहानपणी कोणी तपासलं नाही?”

“लहानपणी कोणी विचारलंच नाही, टीचर.”

“तुमचा डोळा आता परत येणं कठीण आहे. तिचा येईल. पण उशीर नको.”

सेल्लत्तायीने पदराने तोंड पुसलं. “मदुरैची पहिली बस किती वाजता असते?”

डॉक्टरांनी चष्मा दिला आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावायला सांगितली, म्हणजे आळशी डोळा कामाला लागेल. पूंगोडी रडायची, चौकटीला धडकायची, पट्टी ओरबाडून काढायची. समोरची तंगम्मा नळावर सगळ्यांदेखत म्हणाली, “काय गं, पोरीला घाण्याला जुंपलीस का?”

“हो, तुझ्या जिभेचं तेल काढायचंय!”

पण घरी आल्यावर सेल्लत्तायी पोरीला जवळ घेई, पट्टी पुन्हा चिकटवी आणि दुसरं काही न सुचून लाडाने म्हणे, “थोडंच राहिलं, कण्णे.” किती राहिलं ते तिलाही ठाऊक नव्हतं. चष्म्यानंतर दोन महिने असेच गेले.

एका संध्याकाळी दोघी ओट्यावर बसल्या होत्या. उजव्या डोळ्यावर पट्टी असलेल्या पूंगोडीने मान उंच केली. “आत्या, कोणीतरी येतंय. लाल आहे.”

“लाल? बाई की बाप्या?”

“ते नाही कळत... थांब. डोक्यावर काहीतरी आहे. हंडा! बाईच आहे.”

लाल लुगड्यातली तंगम्मा नळावरून येत होती. सेल्लत्तायी धडपडत उठली आणि भर गल्लीत तिने हात जोडले.

“तंगम्मा, पाया पडते तुझ्या. जरा कोपऱ्यापर्यंत मागे जा आणि पुन्हा चालत ये.”

“वेड लागलंय का? डोक्यावर भरला हंडा आहे माझ्या!”

“एकदाच गं. पोरीला बघू दे.”

तंगम्माने ओट्यावरच्या पट्टी लावलेल्या पोरीकडे पाहिलं. पुटपुटत ती मागे वळली, कोपऱ्यापर्यंत गेली, आणि एका हाताने हंडा सावरत, दुसऱ्याने लुगड्याच्या निऱ्या नीट करत, मुद्दाम सावकाश चालत आली.