रेआलच्या अर्जावरची खूण

सोलांजने डुकराच्या मांसाचा पुढचा तुकडा पाटावर ओढला आणि सुरीने त्याचे बोटाच्या पेराएवढे चौकोन पाडायला सुरुवात केली. समोर तिची भाची मारिलू बटाटे कापत होती. मारिलूचे वडील रेआल, म्हणजे सोलांजचा धाकटा भाऊ, याला जाऊन उद्या रविवारी वर्ष होणार होतं. सकाळी चर्चमध्ये त्याच्या नावाची प्रार्थना आणि मग मारिलूकडे सगळ्यांचं जेवण. जेवणाला तूर्तिएरच करायची हे मारिलूने कुणाला न विचारता ठरवून टाकलं होतं. मांस, बटाटे आणि कांदा मैद्याच्या जाड पारीत झाकून रात्रभर मंद ओव्हनमध्ये ठेवायचे. रेआलला सणावारी दुसरं काही चालायचंच नाही.

बाहेर सागने नदीचं पात्र गोठलेलं होतं आणि बर्फावर मासेमारीच्या रंगीत खोपट्यांची ओळ लागली होती. त्यांतल्याच एका खोपटात, गळ टाकून बसलेला असताना, रेआल गेल्या फेब्रुवारीत हृदय बंद पडून कलंडला. वय सत्तावन्न. त्याआधी डिसेंबरात त्याला करोना झाला होता. आठ दिवस खोकला, मग पुन्हा कारखान्यात कामावर. सगळ्यांनी तेव्हा सुटकेचा निःश्वास टाकला होता.

सोलांजची पिशवी दाराशी, बुटांच्या शेजारी होती. तीत सुया, चार नळ्या आणि दोन कोरे अर्ज होते. शिकूतिमीच्या इस्पितळातल्या संशोधन विभागात ती तीस वर्षं लोकांचं रक्त काढत आली होती. आज तिने पुन्हा मारिलूचं रक्त तपासण्याचा विषय काढला, तेव्हा मारिलूने मान वर न करताच विचारलं,

“तुझ्या सुईला शनिवारची सुट्टी नसते का गं, आत्या?”

सोलांज हसली नाही. तिने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. काही घराण्यांत जन्मतःच रक्तात चरबी साचते, धमन्या तिशी-चाळिशीतच जाड होऊ लागतात, आणि वरून कुणाला पत्ता लागत नाही. करोनाचा विषाणू अशाच धमन्यांना जास्त सतावतो. ताप उतरला तरी पुढे काही महिने धोका राहतो. विषाणूचं आणि धमन्यांचं हे नातं रक्तातच लिहिलेलं आहे का, हेच आता तिच्या विभागात तपासत होते. मारिलूचे आजोबा एकोणपन्नासाव्या वर्षी गेले, बाबा सत्तावन्नाव्या. मारिलू चौतिशीची, तिची फ्लावी आठ वर्षांची. एक नळी रक्त द्यायचं, दोष निघाला तर गोळ्या घ्यायच्या, आणि म्हातारं व्हायचं. एवढंच तर होतं.

“पण आपल्यात तो दोष नाही,” मारिलू म्हणाली.

“हे तुला कुणी सांगितलं?”

“तूच. म्हणजे तुझ्या गप्प बसण्याने. बाबांचं रक्त दहा वर्षं तुमच्या फ्रीजमध्ये पडून होतं. काही असतं तर पत्र आलं असतं. शेजारच्या पोत्व्हँकडे आलं, त्यांच्या तीन पोरांना गोळ्या लागल्या. आपल्याकडे पत्र आलं नाही.”

तिने बटाट्याचे तुकडे पातेल्यात लोटले आणि काहीतरी आठवून हसली.

“चार वर्षांपूर्वी कारखान्यातल्या डॉक्टरने बाबांना गोळ्या दिल्या होत्या, माहितेय? दोन दिवस घेतल्या आणि फडताळात टाकल्या. म्हणाले, त्या पोराला काय कळतंय. माझी बहीण माझ्या रक्तावर पहारा देऊन बसलीय, काही असतं तर तिने गाव डोक्यावर घेतलं असतं.”

सोलांजची सुरी थांबली. हे तिला ठाऊक नव्हतं. तिने सुरी खाली ठेवली आणि हात फडक्याला पुसले. मग पुन्हा पुसले.

पत्र न येण्याचं कारण ती स्वतः होती. दहा वर्षांपूर्वी रेआल तिच्या खुर्चीत बाही वर करून बसला होता. अर्जावर एक प्रश्न असे: तपासणीत प्रकृतीविषयी काही गंभीर आढळलं तर तुम्हांला कळवावं का? हो किंवा नाही यापुढे खूण करायची, आणि ती ज्याची त्यानेच करायची, असा नियम. रेआल म्हणाला, मला काय विचारतेस, तुला बरं वाटेल ते कर. तो तेव्हा घर घेत होता. कर्जासाठी विमा लागत होता, आणि विमावाले त्या काळात रक्ताच्या तपासण्यांबद्दल विचारायचे. या खोऱ्यातली माणसं सगळी मोजक्या जुन्या घराण्यांतून फुटलेली, त्यामुळे रक्तातले दोषही पिढ्यान् पिढ्या आलेले; आडनाव आणि गाव ऐकूनच विमावाल्याच्या भुवया वर जायच्या. ज्याला काही माहीतच नाही त्याला खोटं बोलावं लागत नाही, असा सोलांजने हिशेब केला आणि भावाच्या नावापुढे ‘नाही’वर खूण केली. घराचे कागद झाले की बदलू, असं ठरवलं होतं.

घराचे कागद झाले. पाच वर्षांनी कायदा झाला आणि विमावाल्यांचं ते विचारणंही बंद झालं. आज करू, उद्या करू म्हणता म्हणता सोलांज विसरली. तिच्या स्वतःच्या अर्जावर मात्र तिने ‘हो’ केलं होतं. तिचं रक्त निर्दोष निघालं, आणि आपलं चांगलं तर भावाचंही चांगलंच असेल, असं ती मनाशी धरून चालली. शेकडो माणसांना तिने समजावलं होतं की भावंडांचं रक्त सारखं असतंच असं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मग करोनानंतर हृदयविकाराने गेलेल्यांची यादी तिच्या टेबलावर आली. नावं नव्हती, नुसते आकडे. पण रेआलचा आकडा तिनेच नळीवर चिकटवला होता, आणि भावाचा म्हणून तो तिला पाठ होता. त्यापुढे दोन ओळी होत्या. दोष आहे. कळवू नये.

“मारिलू,” ती म्हणाली, “पत्र आलं नाही, कारण पाठवू नका असं अर्जावर लिहिलं होतं.”

“बाबांनी?”

“मी.”

मग तिने सगळं सांगितलं. खुर्ची, विमा, खूण, यादीतल्या दोन ओळी. हे बोलायची तिला परवानगी नव्हती, नोकरीवर बेतलं असतं, पण त्याचं तिला आता काही वाटत नव्हतं. मारिलू उभीच होती. शेजारच्या खोलीत फ्लावी रंगीत पेन्सिली वाजवत काहीतरी गुणगुणत होती.

सोलांजने महिनोन् महिने या क्षणाची तयारी केली होती. का केलंस, असं मारिलू विचारेल. त्याचं उत्तर तिच्याकडे होतं. चांगलं नव्हतं, पण होतं.

मारिलूने विचारलं, “यादी कधी आली?”

“जूनमध्ये.”

“आता फेब्रुवारी आहे.”

“तपासणी करून घे, असं मी तुला सांगतच होते—”

“माझं सोड. आईचं काय?”

सोलांजने ओट्यावरचं फडकं पुन्हा हातात घेतलं.

“आई वर्षभर म्हणतेय की माझ्या लोण्याने आणि चरबीने त्याला मारलं. घरातले चरबीचे डबे तिने बर्फात नेऊन ओतले. आता उकडलेली गाजरं खाते, शिक्षा भोगल्यासारखी. नाताळात ती तुझ्याशेजारी बसून रडली, आत्या. तू तिचा हात थोपटत होतीस. मी बघत होते.”

ते खरं होतं. भावजयीचा, जिनेतचा तो हात, तळव्याला भाजल्याची जुनी खूण असलेला, सोलांजला नीट आठवत होता. असं मनात आणू नकोस, एवढंच ती तेव्हा म्हणाली होती. एका वाक्यात त्या बाईची सुटका झाली असती. पण ते वाक्य बोललं की पुढचं वाक्य आपल्यावर येणार, म्हणून तिने नुसतं थोपटलं. ‘नाही’वरची खूण घाईत आणि मायेपोटी झाली होती, तिची तिला शरम वाटे. या आठ महिन्यांत मात्र माया कुठेच नव्हती, नुसती भीती होती, आणि हे तिला आज, या ओट्याशी उभं राहिल्यावर कळत होतं.

मारिलू शेजारच्या खोलीत गेली आणि फ्लावीला हाताला धरून घेऊन आली. खुर्ची ओढून बसली, स्वतःची बाही वर केली.

“आधी आमचं घे.”

सोलांजने पिशवी आणली, हात धुतले. तीस वर्षांच्या सवयीने तिने दोघींच्या शिरा शोधल्या. फ्लावीने डोळे मिटले नाहीत, उलट नळी भरताना नीट बघितली आणि विचारलं की आजोबांचं रक्त पण असंच काळपट होतं का. सोलांज हो म्हणाली. अर्ज मारिलूने आपल्याकडे ओढून घेतले, पुन्हा एकदा वाचले आणि दोन्हींवर ‘हो’पुढे स्वतः खुणा केल्या.

नळ्या पिशवीत जातात न जातात तोच दाराबाहेर बूट आपटून बर्फ झाडल्याचा आवाज झाला. जिनेत चर्चमधून आली होती. उद्याची फुलं ठरली, पाद्रीबुवांना सर्दी झालीय, गायला दोघीच येणार आहेत, असं सांगत ती कोट न काढताच ओट्याशी आली आणि मांसाच्या परातीत वाकून बघू लागली.

“एवढी चरबी कशाला ठेवलीस गं, सोलांज?” ती हळूच म्हणाली, आणि पांढरे तुकडे एकेक करून वेचून बाजूला ठेवू लागली.

मारिलूने आत्याकडे एकदा पाहिलं. मग फ्लावीला घेऊन ती दुसऱ्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं.

सोलांजने जिनेतचं मनगट धरलं.

“राहू दे ते, जिनेत. चरबीने नाही गेला तो.”

“मग कशाने?”

“बस. सांगते.”

जिनेत बसली. कोट अंगावर तसाच होता, आणि वेचलेला चरबीचा तुकडा तिने मुठीत घट्ट धरून ठेवला होता.