फाइलीत उतरलेले काठ

मी एक जुनी फाइल आहे. बेंगळुरूच्या जे. पी. नगरात, अहल्याच्या लॅपटॉपमध्ये राहते. मित्रांनो, माझ्यात साडीचे काठ आहेत, फुल्या आणि टिंबांनी काढलेले.

ते काठ देवाप्पांचे, म्हणजे अहल्याच्या वडिलांचे. बेळगावच्या शहापुरात ते विणकर होते. डोळे अधू झाले, माग थांबला, तेव्हा लेकीने त्यांना इकडे आणले. ती दिवसभर इंदिरानगरच्या ऑफिसात आणि ते फ्लॅटमध्ये एकटे.

एका रविवारी तिने त्यांना लॅपटॉपसमोर बसवले, अक्षरे मोठी केली. ती फंक्शनल प्रोग्रॅमिंगच्या, म्हणजे संगणकाला सूत्रांतून काम सांगायच्या, भाषेत एक ओळ लिहायची, यंत्र लगेच खाली उत्तर द्यायचे. देवाप्पा धागे सांगत गेले आणि पडद्यावर काठ उमटत गेले.

"स्वल्प थांब गं. गोमीच्या काठाला मधे एक घर सोडायचं," ते म्हणाले.

दुपारपर्यंत अकरा काठ झाले. अहल्याने विंडो बंद केली आणि सगळे पुसले गेले. पुढच्या रविवारी देवाप्पांना त्यातले सातच आठवले.

"चार गेले की गं," एवढेच ते बोलले.

त्या दिवशी काठ काढायला बसण्याआधीच तिने यंत्राला सांगितले, इथे जे जे उमटेल, प्रश्न आणि उत्तरही, ते फाइलीत लिहीत जा. तसा माझा जन्म झाला. आठ रविवार मी भरत गेले. मग देवाप्पा आजारी पडले, आणि गेले.

तीन वर्षे मला कोणी उघडले नाही. शेजारच्या फाइली रोज उघडत. माझ्यावरून माउसचा बाण नुसता सरकून जाई.

परवा शहापूरहून गोदूबाईंचा फोन आला. त्या देवाप्पांच्या शेजारच्या मागावर विणत.

"अहल्या, अप्पांचा गोमीचा काठ तुझ्याकडं आहे काय? इथं कुणाला येईना झालाय."

अहल्याने मला उघडले. काठ शोधत ती अगदी तळापर्यंत आली. तिथे एक ओळ तिची नव्हती. शेवटच्या रविवारी ती चहा करायला उठली होती, तेव्हा देवाप्पांनी एका बोटाने, इंग्रजी अक्षरांत, यंत्रालाच विचारले होते, "माझ्यामागं अहल्याला सोबत कोण?"

अनोळखी शब्दांना यंत्र जे ठरलेले उत्तर देते, तेच खाली होते, असे नाव सापडत नाही.

तिने ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग तिने गोदूबाईंना फोन लावला.

"मावशी, काठ पाठवते. पण नुसता बघून जमायचा नाही. मी येऊ का? शेजारी बसून सांगते."

"विचारतेस काय? ये की! चार दिवस राहा."

मित्रांनो, पडद्यावर उमटलेले विरून जाते, म्हणून ते फाइलीत उतरवून ठेवा. पण ठेवून विसरू नका. कधीतरी आम्हाला उघडा, आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.