पेरूच्या पेल्यातला वर्ताळा

विश्वास कुणावर ठेवावा, सांगा बरं? मापावर, की माप धरणाऱ्या हातावर? घाई नाही. निवांत बसा, माझं ऐकून घ्या, आणि मग सांगा.

मी पन्नास मिलीचं तेलाचं माप बोलतोय. स्टीलचं उभट अंग, वर लांब दांडी, दांडीच्या टोकाला अडकवायचा आकडा. बुडाला शिशाचा ठिपका आणि त्यावर सरकारी शिक्का. शिक्का आता पुसट झालाय, पण बोट फिरवलंत तर लागेल. माझं सगळं आयुष्य बावड्यात, हिंदुरावांच्या किराणा दुकानात गेलं. तेलाच्या डब्यात बुडायचं, भरून वर यायचं, गिऱ्हाईकाच्या बाटलीत रितं व्हायचं.

डब्याच्या काठावर लटकून मी माणसं फार बघितली. तेल घ्यायला आलेलं माणूस तेलाकडं बघत नाही, दुकानदाराच्या अंगठ्याकडं बघतं. अंगठा मापाच्या आत गेला की तेवढं तेल दुकानात राहिलं! कुशाबाई नावाची एक म्हातारी होती, तिची जीभ मोठी तिखट. ती भर दुकानात ओरडायची, "शेठ, तेल द्या, अंगठा नगं! अंगठा आमच्या घरात हाय एक, त्योच काय काम करत न्हाय!" मागे उभा असलेला तिचा नवरा दुसरीकडं बघायचा आणि सगळं दुकान हसायचं.

हिंदुराव मात्र चोख माणूस. अंगठा बाहेर, माप काठोकाठ, आणि रितं करताना माझ्या बुडावर नखानं एक टिचकी. टिंग! शेवटचा थेंबही गिऱ्हाईकाच्या बाटलीत. कमी नाही, जास्त नाही.

दुपारी ते जेवून आडवे झाले की गल्ल्यावर त्यांची बायको बसायची, प्रयागबाई. तिचा हात निराळा. माप भरून दिलं की ती मला पुन्हा डब्यात अर्धवट बुडवायची आणि वर आणखी एक धार सोडायची. त्याला वर्ताळा म्हणतात. मापाबाहेरचं, मनानं दिलेलं. म्हणून निम्मा गाव दुपारीच तेलाला यायचा. हिंदुराव चिडायचे, "दुकान हाय का अन्नछत्र?" ती म्हणायची, "मापानं दिल्यालं लोक इसरत्यात. वर्ताळा ध्येनात ऱ्हातो."

हे वाक्य तेवढं लक्षात ठेवा.

त्यांना एकच मुलगा, सुयोग. शाळेतून आला की दप्तर टाकून आईसमोर तळवा धरायचा. "आई, वर्ताळा?" आणि त्या तळव्यावर गूळ पडायचा, शेंगदाणे पडायचे. आणखी एक खोड होती त्याला. येता-जाता माझ्या बुडावर टिचकी मारायची, बापासारखी. टिंग.

ती टिंग मला अजून ऐकू येते. पण ते पुढं.

पुढं तेल पिशव्यांत आलं. हिंदुराव गेले, दुकानाचं शटर खाली आलं ते आलंच. मी माळ्यावर, गंजलेल्या तराजूशेजारी पडलो. सुयोगनं मोठेपणी पुण्यातल्या एका हॉटेलात काही वर्षं नोकरी केली, मग गावी येऊन बापाच्या रानात पेरू लावला. आतून गुलाबी निघणारी जात. अंथुर्ण्याच्या संजीवनीशी लग्न केलं. पोरगी हुशार, हाताची नेटकी. सासूला आत्या म्हणायची. दोघींचं वाईट नव्हतं. पण एका चुलीला दोन हात लागले की होतं तेवढं होत होतं.

एका रविवारी सुयोग माळ्यावर चढला आणि मला घेऊन खाली आला. फुंकर मारून धूळ उडवली, टिचकी मारली. "संजू, हे घे. हॉटेलात पेयं मोजायला असंच चिमुकलं माप असतं. आपलं हे तेलाचं. आज पेरूची मार्गारिटा करायची."

"कोण ही?" प्रयागबाईनं भाजी निवडता-निवडता विचारलं.

"पेय हाय गं आई. परदेशातलं."

"नाव बाईचं दिसतंय म्हणून इचारलं."

मग स्वयंपाकघरात जो थाट झाला! चिंचेनं घासून माझं जुनं तेल काढलं. पिकले पेरू चिरून मिक्सरला लावले आणि चहाच्या गाळणीनं गाळले, कारण बिया दातात अडकतात. लिंबाचा रस. संत्र्याची साल साखरेच्या पाकात उकळून ठेवली होती, तो पाक. स्टीलच्या डब्यात बर्फ. पेल्याच्या काठाला लिंबाची फोड फिरवायची आणि काठ तिखटमिठात टेकवायचा. पेरूला तिखटमीठ लागतंच, हे त्या परदेशातल्या लोकांना कुणी सांगितलं असेल कोण जाणे. आणि शेवटी बाटली.

"ही कशाची रं?" प्रयागबाईनं विचारलं.

"टकीला. घायपाताच्या जातीचं झाड असतं, त्याच्या गड्ड्याची."

"घायपाताचे तर दोर वळत्यात! दारू कुठनं?"

"तिकडं दारू काढत्यात."

"बांधून घालणारंच झाड हाय ते," ती म्हणाली, आणि दोघं हसले. मीही तेव्हा मनात हसलो असेन.

त्या हंगामात असे दोन-तीन रविवार झाले. सुयोगचा हात सांडता, म्हणून माप संजीवनी घालायची. एका पेल्याला एक माप, अंगठा बाहेर. हिंदुराव असते तर सुनेची पाठ थोपटली असती.

मग तो रविवार आला. कालव्याला पाणी सुटणार, आज सुटेल, उद्या सुटेल, असं चाललं होतं. आपली पाळी आली की उठून रानात जावं लागतं, नाहीतर पाणी पुढं जातं. संजीवनी म्हणाली, "पाण्याचा फोन कधीबी येईल. तुम्हाला एकच." तिनं मला भरलं, पेल्यात रितं केलं, बाटलीला बूच लावलं. स्वतःच्या आणि सासूच्या पेल्यात नुसता पेरू घातला, आणि परसात वाळत घातलेले कपडे काढायला गेली.

सुयोग पेला घेऊन आईपुढं आला. चाळिशीकडं झुकलेला बाप्या, पण तळवा पुढं केला लहानपणीसारखा. "बायको मापानं देते. आई, वर्ताळा?"

प्रयागबाईनं कधी दारूला हात लावला नव्हता. तिला त्यातलं जास्त काय, कमी काय, ठाऊकच नव्हतं. तिच्या लेखी ते पेरूचं सरबत होतं आणि समोर लेक होता. तिनं बूच काढलं. मला भरलं, पेल्यात ओतलं, आणि वर आणखी एक धार सोडली. पेला संपला तेव्हा पुन्हा. संजीवनी परसातच होती.

कपडे घड्या होऊन आत येईपर्यंत फोन आला. पाणी सुटलं होतं. सुयोगनं मोटारसायकल काढली. जाताना मला एक टिचकी मारली. टिंग. अंधार पडायला लागला होता. कालव्याच्या पुलाजवळ उसाची ट्रॉली थांबलेली, मागे ना दिवा ना लाल पट्टी.

पुढचं सांगत नाही.

दवाखान्यातून शब्द आला, की तोंडाला दारूचा वास होता, आणि चांगलाच होता. ट्रॉलीचं नाव मागे पडलं. दारात बायका जमल्या. मी स्वयंपाकघरातल्या कट्ट्यावर, त्याच पेल्याशेजारी पडून होतो. बाहेरून प्रयागबाईचा आवाज आला, "हिनंच पाजली! घरात बाटली मांडून हिनंच पाजली माज्या लेकाला!"

संजीवनी म्हणाली, "एकच माप घातलं होतं."

कुणी ऐकलं नाही. वास एका मापाचा नव्हता, हे त्यांनाही कळत होतं. दहाव्याला कावळा शिवेना. लाडू ठेवला, विडी ठेवली, काय काय ठेवलं. बायका कुजबुजल्या, मनात काहीतरी राहिलंय पोराच्या. त्यानंतर संजीवनी माहेरी अंथुर्ण्याला गेली, ती परत आली नाही.

घरात आम्ही दोघं राहिलो, म्हातारी आणि मी. तिनं मला राखेनं घासलं, चिंचेनं घासलं, पण सांध्यातला पेरूचा वास जाईना. मग तिनं मला तांदळाच्या डब्यात खुपसलं, पार गळ्यापर्यंत. आता तुम्हीच सांगा, तांदळात रुतलेलं माप वाजेल कसं? त्याला हलायला जागा नाही. पण संध्याकाळी, दिवेलागणीला, टिंग. मला ऐकू यायची. मी वाजत नव्हतो, शपथेवर सांगतो. आणि त्याच क्षणी झाकण उघडायचं, वरून प्रयागबाईचा चेहरा डोकावायचा. तिलाही ऐकू गेलेली असायची. ती बराच वेळ माझ्याकडं बघायची, मग हळूच विचारायची, "काय रं बाळा, वर्ताळा?" आणि घाईघाईनं झाकण लावायची.

वर्ष सरलं. वर्षश्राद्धाच्या आधी कुशाबाई काठी टेकत आली. आता तिचा नवराही नाही आणि दातही नाहीत, जीभ तेवढी आहे. "प्रयागे, पानावर त्येच्या आवडीचं ठिव. औंदा तरी शिवू दे कावळा."

"त्येच्या आवडीचं मला येत न्हाय."

"जिला येतं तिला बोलीव की मग. का तोंड न्हाय बोलवायला?"

प्रयागबाईनं निरोप धाडला. श्राद्धाच्या दिवशी संजीवनी आली. कुणाशी न बोलता पदर खोचून पेरू चिरायला बसली. बाहेर सोप्यात बायका जमलेल्या, त्यांचं बोलणं ती आत आल्याबरोबर थांबलं होतं. प्रयागबाईनं मला तांदळातून काढून तिच्यापुढं ठेवलं. संजीवनीनं हात लावला आणि मागे घेतला. 

मग ती सासूला म्हणाली, मान खाली घालून, "आत्या, मी वर्षभर डोळे मिटले की हेच करते. बाटली, माप, पेला. कधी एक माप दिसतं, कधी दोन दिसत्यात. तुम्ही म्हणाला, सगळा गाव म्हणाला. आता मला माझ्याच हाताचा भरवसा राहिला न्हाय. खरंच मी जास्त घातली असंल का?"

प्रयागबाईनं फडताळातून तीच उरलेली बाटली काढून तिच्यापुढं ठेवली.

संजीवनीनं पेरू गाळला, लिंबू पिळलं, पाक घातला, काठाला तिखटमीठ लावलं. मला भरलं. एक माप. पेल्यात रितं केलं आणि बाटलीला बूच लावलं. "घ्या. ठेवा पानावर."

प्रयागबाईनं पेला उचलला. उजेडात धरला. आणि तिच्या तोंडून सहज निघून गेलं, "एवढंच?"

तेवढ्यात टिंग झालं. प्रयागबाईला आणि मला, दोघांनाही ऐकू आलं. म्हातारीनं पेला खाली ठेवला, बूच काढलं, मला भरलं, ओतलं आणि वर आणखी एक धार सोडली. हात तिचा होता, पण तो तिला विचारून चालत नव्हता. तो दुपारच्या दुकानातला हात होता. धार तुटली, तेव्हा कुठं ती भानावर आली.

संजीवनी बघत होती.

"त्या दिवशी असंच?" तिनं विचारलं.

"व्हय."

"किती वेळा?"

"दोनदा. तू परसात हुतीस. त्यानं हात फुडं केला गं. मी न्हाय म्हणले न्हाय त्याला कदीच."

"तुम्हाला माहीत होतं. मग माझं नाव का घेतलं?"

"माज्या हातनं गेला म्हणले आसते, तर मी जगले नसते, पोरी."

"आणि मी जगले का आत्या?"

 बाहेर कुणीतरी खाकरलं. मग म्हातारीनं मला दांडीला धरून उचललं आणि सोप्यात गेली, बायकांच्या मधोमध. जमलेल्या लहानथोरांसमोर मला वर धरलं. माझ्यात उरलेला थेंब तिच्या मनगटावरून खाली ओघळला.

"ऐका गं. संजीवनीनं एकच माप घातलं हुतं. वरचं सगळं माजं. वर्ताळा माजा."

 कुशाबाईनं काठी भिंतीला लावली, उठली आणि आत जाऊन संजीवनीजवळ बसली. पानाकडं कुणाचं लक्षच नव्हतं. कावळा आला की नाही, मला विचारू नका.

संध्याकाळी निघताना संजीवनीनं सासूकडं एकच गोष्ट मागितली. मला. आता मी अंथुर्ण्यात असतो, तिच्या फोडणीच्या डब्याशेजारी खिळ्याला टांगलेला. रोज आमटीपुरतं तेल मोजतो. सुखात आहे म्हणायला हरकत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी ती बावड्याला जाते, सासूला भाकऱ्या करून घालते. बोलतात का, ठाऊक नाही. मला नेत नाही ती.

पण पेरूचा हंगाम आला, बाजारातून पेरूची पिशवी घरात आली, की खिळ्यावर, वारा नसताना, टिंग होतं. संजीवनीचा हात हवेतच थांबतो. ती मान वळवत नाही. हळू आवाजात, कुणाला तरी समजावल्यासारखं म्हणते, "एकच." मग पुन्हा भाजी ढवळते.

तर आता सुरुवातीचा प्रश्न परत घ्या. माझा शिक्का खरा होता, संजीवनीचा हात खरा होता, आणि प्रयागबाईची माया तर सगळ्यांत खरी होती. चूक झाली ती मांडताना. माझी तुम्हाला एवढीच विनंती: हिशेब मांडाल तेव्हा चोख मांडा. मापापुढं ज्यानं माप दिलं त्याचं नाव लिहा. आणि मनानं, मायेनं, कुणाच्या नकळत जे वर ओतलंत, त्यापुढं स्वतःचं.