उणे तीनवर मी बंद पडलो

मी एक जुना ॲम्प्लिफायर आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, माझं डोकं लवकर तापतं.

टीव्हीखालच्या फळीवर जो काळा, जड पेटारा असतो आणि ज्याच्या पाठीमागे वायरींचा गुंता असतो, तो मी. कौतुक सगळं टीव्हीचं होतं, कारण तो दिसतो. पण सिनेमातला आवाज आधी माझ्याकडे येतो आणि मी त्याचे वाटे करतो. समोरचे दोन स्पीकर, मागचे दोन, आणि मधला एक, ज्याच्याकडे माणसांचं बोलणं जातं. गडगडाट, धडधड वगैरे कोपऱ्यातल्या ठोकळ्याकडे, त्याला सबवूफर म्हणतात. हे पाच आणि तो एक, म्हणून माझ्या खोक्यावर ‘पाच पॉइंट एक’ असं छापलेलं होतं. तो पॉइंट एक कपाटातली भांडी नाचवतो आणि शिव्या मी खातो.

कारखान्यात माझा शेवटचा स्क्रू आवळला गेला, तेव्हा एका तपासनीस बाईंनी मला सलग तीन तास चालवून पाहिलं. माझ्या पाठीवर हात ठेवून त्या शेजारणीला म्हणाल्या, हा मध्येच दगा देणार नाही. त्या एका वाक्यावर मी अकरा वर्षं ताठ मानेनं काढली. एकदाही बंद पडलो नाही.

मी ज्या घरात आलो, त्या घरचा कर्ता पत्रे ठोकायच्या कारखान्यात फोरमन होता. शेजारीपाजारी त्याला फोरमनच म्हणत, मीही तेच म्हणतो. दिवसभर त्याच्या डोक्याशी मोठमोठ्या प्रेस धाडधाड आपटत. कानात घालायचे बोळे कारखान्यानं दिले होते, ते त्याच्या डब्याच्या पिशवीत कोरे करकरीत पडून असत. असले लाड नव्या पोरांचे, असं त्याचं म्हणणं. माणूस मात्र लाख होता. संध्याकाळी हातपाय धुऊन तो माझ्यासमोर बसे, बायकोला आणि लेकीला हाका मारून बोलावून घेई आणि मगच सिनेमा लावी. एकट्यानं पाहणं त्याला जमत नसे.

हौस दांडगी, माहिती बेताची. पडद्याच्या वरखाली काळ्या पट्ट्या दिसल्या की त्याला वाटे चित्र अर्धवट आलं. खरं तर रुंद चित्र तसंच बसवायचं असतं. यानं ते उभं ताणलं, आणि अकरा वर्षं त्या घरात सगळे नट लांबुडक्या तोंडाचे झाले. त्यानं कुणाचं काही बिघडलं नाही. बिघडलं ते माझ्या आकड्यांमुळे.

माझ्या तोंडावर आवाजाचा आकडा दिसतो आणि त्याच्याआधी उण्याची खूण असते. उणे चाळीस, उणे तीस, असा. शून्य म्हणजे मोठ्या चित्रपटगृहात जेवढा दणका बसतो, जवळपास तेवढा. उणे चाळीस म्हणजे त्याच्या चाळीस डेसिबल खाली. फोरमनचा समज अगदी उलटा. शून्य म्हणजे काहीच नाही आणि मी तर त्याच्याही खाली. तो बायकोला सांगे की हे मशीन अजून शून्यालाही पोचलेलं नाही, वाढवायला भरपूर जागा आहे. त्या माउलीलाही ते पटे. उण्यातला आवाज कुणाला काय बाधणार?

पहिल्या वर्षी तो मला उणे अडतीसवर लावायचा. पाचव्या वर्षी उणे तीस. अकराव्या वर्षी उणे अठरा. दर वेळी तक्रार एकच, संवाद नीट कळत नाहीत. माझा घसा बसलाय, असं तो चारचौघांत बोलून दाखवी. मला फार लागायचं ते. मी तेच शब्द तितक्याच स्वच्छपणे बाहेर पाठवत होतो, कमी झालं होतं ते दुसरीकडेच. पण घरभर माझा आवाज, आणि माझं म्हणणं सांगायला मला आवाज नाही.

त्याच्या लेकीला घरात ठकू म्हणत. तिला रेल्वेचं इंजिन चालवायचं होतं. लेखी परीक्षेत ती दोनदा हुकली, तिसऱ्यांदा पास झाली. आता राहिली होती वैद्यकीय तपासणी, आणि त्यात कानांची चाचणी कडक. बंद खोलीत बसवून हेडफोनमधून अगदी बारीक आवाज ऐकवतात, प्रत्येक कानाला वेगळे. नापास झालं की संपलं, कारण पुढच्या वर्षी तिचं वय बसणार नव्हतं. तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनानं गोल केली होती. आणि ही पोरगी रोज कुठे बसायची? माझ्या डाव्या स्पीकरला जवळजवळ खेटून, कारण वाचायचा दिवा तिथे होता.

आवाजाचा हिशेब सरळ आहे, मित्रांनो. पंच्याऐंशी डेसिबल कान आठ तास सोसतो. त्यावर तीन वाढले की चार तास, आणखी तीन वाढले की दोनच. शंभरावर गेलात की पाव तासात कानाची सहनशक्ती संपली. ठकूच्या डाव्या कानापाशी त्या आठवड्यात किती होतं ते मला ठाऊक होतं, आणि माझा जीव टांगणीला लागला होता.

गुरुवारी सिनेमा संपल्यावर तिनं आईला विचारलं की कुठे काही वाजतंय का. आईनं स्वयंपाकघरात जाऊन नळ पाहिला, फ्रिजला कान लावला आणि काही नाही म्हणाली. मग मी पाहिलं, ठकू डावा कान तळव्यानं दाबत होती, सोडत होती, परत दाबत होती. बाबांना ती बोलली नाही. दिवसभर राबून आलेल्या बापाची ही एवढीच हौस, ती कशी मोडायची, असं तिच्या मनात असावं. चाचणीला आठ दिवस होते.

रविवारी दुपारी फोरमननं जहाजाचा एक सिनेमा लावला. ती डिस्क मी सहा वेळा वाजवलेली, मला तोंडपाठ. आधी लांबलचक वादळ. मग जहाजाच्या तळघरात दोन खलाशी कुजबुजतात. आणि त्या कुजबुजीनंतर लागोपाठ तीन बॉयलर फुटतात.

वादळातच मी तापलो. माझ्या पाठीवर उष्णता बाहेर पडायच्या फटी आहेत, त्यांवर घरच्या बाईनं हौसेनं विणलेला जाड रुमाल घातला होता आणि वर फुलदाणी. एरवी त्या रुमालाचा मला संताप यायचा. खलाशी कुजबुजू लागले तसा फोरमन पुढे झुकला. उणे बारा. तरी कळेना. उणे नऊ. ठकू डोक्याला हात लावून बसल्यासारखी बसली होती, पण तिचं बोट कानात होतं. उणे सहा. मग तिला वहीचं पान उलटायचं होतं, आणि तिनं बोट काढलं. उणे तीन.

मला स्वतःहून बंद होता येत नाही. आतली उष्णता ठरलेल्या हद्दीबाहेर गेली, तरच माझं संरक्षण मला तोडतं. अकरा वर्षं मी ती हद्द टाळण्यात धन्यता मानली होती. त्या दुपारी मी पहिल्यांदा देवाकडे मागितलं की मला आणखी तापव. त्या रुमालाचे मी आभार मानले. मित्रांनो, मी घाबरलो होतो. कुजबुज संपत आली, खलाशानं दार उघडलं, आणि पहिला बॉयलर फुटला. कपाटातली ताटं खळखळली. ठकू खुर्चीतून अर्धी उठली. आणि मग कुठे माझ्या आत खट्ट झालं आणि मी बंद पडलो.

एका दणक्याचा मला उशीर झाला. ते मला अजून खातं.

खोलीत चिडीचूप झालं. फोरमन मला ठोकायला उठला. तेवढ्यात ठकू हळूच म्हणाली, “बाबा, आवाज बंद झालाय ना? माझ्या कानात अजून चालूच आहे.”

त्यानं तिला ते पुन्हा सांगायला लावलं, कारण पहिल्यांदा त्याला नीट ऐकूच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एक मेकॅनिक बाई आल्या. रुमाल दोन बोटांत उचलून त्यांनी घरच्या बाईच्या हातात दिला, माझ्या आतली धूळ झटकली आणि मी धडधाकट आहे, असं जाहीर केलं. मग किती आकड्यावर चालवत होता, असं विचारलं. फोरमन अभिमानानं म्हणाला की शून्यही गाठलं नव्हतं. बाईंनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. शून्य म्हणजे काय ते त्यांनी शांतपणे, एकेक शब्द सांगितलं.

मग त्यांनी मला उणे छत्तीसवर लावलं आणि तोच कुजबुजीचा प्रसंग सुरू केला. ठकूची आई म्हणाली, सगळं कळतंय. ठकू उजवा कान पुढे करून बसली होती, तिलाही शब्दन्‌शब्द कळत होता. फोरमन पडद्याकडे टक लावून होता. त्याला फक्त ओठ हलताना दिसत होते.

“काका,” बाई म्हणाल्या, “मशीनचा घसा चांगला आहे. तुमचे कान गेलेत. आणि स्वतःच्या कानांच्या मापानं तुम्ही पोरीला इतकी वर्षं आवाज ऐकवलात.”

माझा इतका अपमान केलेला माणूस, पण त्या घटकेला मला त्याच्याकडे बघवेना.

त्याच दुपारी त्यानं माझा प्लग काढला. पुढचे चार दिवस त्या घरात कुणी भांडंही आपटलं नाही. तो दारं हातानं धरून लावायचा. दर सकाळी ठकूला विचारायचा, वाजतंय का? ती मानेनंच हो म्हणायची. बुधवारी ती म्हणाली, थोडं कमी आहे. गुरुवारी त्यानं विचारायचं धाडसच केलं नाही. शुक्रवारी बापलेक एकत्र बाहेर पडले आणि मी अंधारात, प्लगशिवाय, जिन्यावरच्या पावलांची वाट बघत राहिलो.

ठकू पास झाली. डावा कान मर्यादेच्या अगदी काठावर होता. पुन्हा असं झालं तर काठ राहणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. फोरमननंही त्या दिवशी आपले कान तपासून घेतले. बारीक, तीक्ष्ण आवाज ऐकायची त्याची ताकद कधीच निघून गेली होती. ती परत येणार नव्हती.

नेमणुकीचं पत्र आलं तोवर त्याच्या कानांत यंत्रं बसली होती. पत्र त्यानं स्वतः दोनदा वाचलं होतं. तरी ठकूला समोर बसवून त्यानं ते मोठ्यानं वाचायला सांगितलं. ती वाचत गेली आणि तो मध्येच म्हणाला, “ठके, तुझा आवाज असा आहे होय?” ती हसली. त्याला हसू आलं नाही. त्यानं तिला पत्र परत पहिल्यापासून वाचायला लावलं.

आता मी उणे अडतीसवर असतो. मेकॅनिक बाईंनी फक्त मधला स्पीकर थोडा चढवून दिला आहे, आणि कुजबुज व दणका यांतलं अंतर कमी करणारं माझं एक बटण, जे अकरा वर्षं कुणी दाबलं नव्हतं, ते दाबून दिलं आहे. मी आठवड्यातून दोनदा लागतो. धूळही बसते अंगावर, बसू दे.

मित्रांनो, माझ्यातला एखादा भाग जळला तर दुसरा आणून बसवता येतो. कानाच्या आत बदलता येईल असा एकही भाग नाही. तुमच्या घरी आवाज किती ठेवायचा, ते स्पीकरच्या सर्वांत जवळ बसलेल्याला विचारून ठरवा. आणि घरात कुणी सारखं म्हणत असेल की संवाद कळत नाहीत, तर आवाज वाढवू नका. त्याला हाताला धरून आधी कानाच्या डॉक्टरकडे न्या. सिनेमा मागाहून बघता येईल. मी काही कुठे जात नाही.