हरकरे सरांचा थंडगार चहा

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, हरकरे सरांविषयी माझ्या मनात तिळमात्र आदर नव्हता, आजही नाही, आणि वय वाढले म्हणून तो उगवेल अशी चिन्हेही नाहीत.

ते आठवले की आधी आवाज येतो: हाताने फिरवायच्या गणनयंत्राचा, दाढेखाली खडा आल्यासारखा. नागपूरच्या मे महिन्यात प्रयोगशाळेच्या खिडकीतून ऊन वितळलेल्या पितळेसारखे आत ओघळायचे, तरी सरांचा कोट गळ्यापर्यंत बंद, आणि चेहरा पानगळ झालेल्या बाभळीसारखा, नुसते काटे. विकलक समीकरण, म्हणजे एखादी गोष्ट क्षणाक्षणाला कशी बदलते त्याचे गणित, सुटत नसेल तर त्याच्या वक्ररेषेमागे छोट्या छोट्या सरळ पावलांनी चालत जा, असे ते शिकवत. केवढा सुंदर विचार! त्यांच्या तोंडी तोही दमदाटी वाटे. स्वतः मात्र कंटाळा करीत आणि लांब ढांगा टाकीत.

शेवटच्या प्रात्यक्षिक परीक्षेत प्रश्न होता, कपातला चहा निवत कसा जातो. कामठीहून बसने येणारी आमच्या वर्गातली कुसुम मेश्राम बारीक पावले टाकत सकाळभर यंत्र फिरवत बसली. तिचे उत्तर सरांच्या उत्तराशी जुळेना. सरांनी लाल रेघ ओढली.

"नापास! काय गं, कामठीला वेगळं गणित चालतं का?"

नापास म्हणजे कुसुमची शाळेतली ठरलेली नोकरी गेली.

बाहेरून आलेले परीक्षक शांत, म्हातारे गृहस्थ होते. म्हणाले, "हरकरे, तुमचं उत्तर फळ्यावर मांडा बरं."

सरांनी ऐटीत मांडले. खोली चव्वेचाळीस अंश, चहा नव्वद. पहिल्याच ढांगेत चहा एकवीसवर कोसळला; दुसरीत, शेगडीवाचून, साडेपंचावन्नवर चढला.

परीक्षक चष्मा पुसू लागले. सर गरजले, "पद्धत पुस्तकातली आहे. उत्तर हेच!"

सर आता नाहीत. त्यांची अनुपस्थिती मला कडुलिंबाच्या सावलीइतकी सुखाची वाटते. काळाने त्यांचा कोट नेला, दरारा नेला. स्मृतीने मात्र, खट्याळपणे, कुसुमचे एकच वाक्य जपले. ते ऐकून परीक्षक पोट धरून हसले आणि लाल रेघ त्यांनी स्वतःच्या हाताने खोडली. फळ्याकडे टक लावून पाहता पाहता ती बोलून गेली होती:

"सर, नागपुरात मे महिन्यात हा च्या आपल्या मनानंच इतका थंडा होते, त मंग लोक माठ काहून भरून राहिले?"