सरांची मेस

माझी आई, अव्वा, गेली त्याच्या आदल्या दिवशी दुपारी तिचा फोन आला, तेव्हा मी नांदेडच्या कार्यालयात लहान व्यवसायांच्या सर्वेक्षणाची पत्रकं तपासत होते. अर्धापूरच्या एका बाईला आमच्या अन्वेषकाने गृहिणी ठरवलं होतं आणि त्याच घरात शिलाईचं उत्पन्नही दाखवलं होतं. नवरा बँकेत शिपाई. मग ब्लाउज कोण शिवतं, असं मी लाल पेनाने समासात लिहीत होते. असा प्रश्न मी रोज कुठल्या ना कुठल्या पत्रकावर लिहायची आणि रोज तसंच नवं पत्रक समोर यायचं.

पोरांची जेवणं आटोपली की अव्वा फोन करायची. शिकवण्यांसाठी लातूरला आलेली मुलं आमच्याकडे जेवायला असत, किनवटपासून उदगीरपर्यंतची. डॉक्टर व्हायला यायची आणि बारावी होईपर्यंत अव्वाच्या हातच्या भाकरी खायची.

"तुझ्या खात्याचा माणूस येऊन गेला," ती म्हणाली. "किशनराव म्हणून हाय. लई इचारलं त्यानं. तेल किती, गॅस किती, पोरं किती. तुझ्या अप्पांनी सांगितलं सगळं."

"तुला काय विचारलं?"

"मला? चहात साखर कमी टाका म्हणला."

मेस चालवणारा म्हणून कुणाचं नाव घातलं, ते मी विचारलं. अप्पांचं, आणि तिला घरचा बिनपगारी मदतनीस लिहिलं होतं. सांगताना ती हसत होती. मला हसू येईना. लातूरचं काम आमच्याकडे नव्हतं, तिथल्या पत्रकाला मला हात लावता येत नव्हता. मी तिला चिडूनच समजावलं, की नमुन्यात आलेलं घर आमच्या हिशेबात एकटं राहत नाही. त्याला गुणतात. तू मदतनीस झालीस की तुझ्यामागे शेकडो बायका मदतनीस होतात, आणि अहवालात छापून येतं की लातुरात खानावळी पुरुष चालवतात.

"मग त्या बायांना बी सांग, बोलत बसू नका म्हणून. माझी भाजी करपून राहिली," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पीठ मळता मळता ती परातीशेजारी कलंडली. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

भूकंपात आमचं गाव पडलं तेव्हा मी शाळेत होते. पत्र्याच्या शेडमध्ये आमच्या ओळीचा स्वयंपाक काही दिवस एकत्र व्हायचा. मोठ्या पातेल्याचा अंदाज अव्वाला तिथे आला. पुढे आम्ही लातूरला आलो. अप्पांना शाळा मिळाली ती विनाअनुदानित. अनुदान पुढच्या वर्षी येणार, हे मी दरवर्षी ऐकलं. पगाराच्या नावाने काही नव्हतं. अव्वाने शेजारच्या खोलीतल्या मुलांना डबा द्यायला सुरुवात केली आणि त्याची मेस झाली.

ती सरांची मेस. हे नाव अव्वानेच पाडलं. मुलांच्या आईवडिलांना शिक्षकाचं घर म्हटलं की बरं वाटायचं, आणि अप्पांना शाळेत ताठ मानेने जाता यायचं. अप्पा सिलिंडर आणायचे, पोरांना अभ्यासावरून दटावायचे. कुणी खाण्याचं कौतुक केलं की ते मान हलवून स्वीकारायचे. अव्वा आतून ऐकायची. आमच्या घरात भांडणं झाली, अबोले झाले, पण मेस कुणाची, हे भांडणातही कुणी काढलं नाही.

दिवसकार्य उरकलं आणि त्याच आठवड्यात किशनराव पुन्हा आले. मी रजेवर होते, अप्पांजवळ. त्यांना घडलेलं दारातच कळलं. ते चहा नको म्हणाले. मग अवघडून त्यांनी पत्रक काढलं. वरच्या कार्यालयाने शंका काढली होती: शाळेत पूर्ण वेळ आणि मेसमध्येही पूर्ण वेळ, हे एका माणसाला कसं जमतं? अगदी मी लिहिते तसला प्रश्न होता. लाल पेनातलाच.

अप्पा म्हणाले की आता मेस बंदच आहे, तेव्हा तो प्रश्न उरत नाही.

"बंद कसं लिहू, सर?" किशनराव म्हणाले. त्यांचा सूर मऊ होता. "चालवणारे तुम्ही समोर बसलात. मदतनीस वारल्या. तर तात्पुरती बंद असं घालतो. दुसरी बाई मिळाली की चालू होईल."

अडलं की अप्पा स्वयंपाकघराच्या दाराकडे बघायचे. उत्तर तिकडून यायचं, नेहमीच. आताही त्यांनी तिकडे बघितलं. मग चष्मा पुसला.

"हां," ते म्हणाले. "तसंच लिहा."

इतकी वर्षं अनोळखी बायकांसाठी समासात प्रश्न लिहून माझी बोटं लाल झाली होती. इथे लिहायला मला समासही नव्हता.

"तसं लिहू नका," मी म्हणाले. "चालवणारी वारली, म्हणून मेस बंद झाली. कायमची."

किशनरावांनी पेन उचललं आणि अप्पांकडे पाहिलं. "सर, काय घालू?"

अप्पांनी पुन्हा त्या दाराकडे बघितलं. मी त्यांच्यासमोर जाऊन बसले.

"अप्पा, मेस तुमची नव्हती. अव्वाची होती. हे घर, माझं शिक्षण, तुमची बिनपगारी शाळा, सगळं तिनं चालवलं."